गोविंदराव टेंबे आणि महाराष्ट्रांतील स्वरपेटीचीं इतिहाससाधनें

१

इतिहाससंशोधनाचें क्षेत्र दिवसेंदिवस विस्तार पावत असतांहि संगीतकलेच्या इतिहासाकडे आमच्या संशोधकांची दृष्टि म्हणावी तशी वळलेली नाहीं. दफ्तरांतून गवई, गुणीजन, कलावंतिणी यांच्या नेमणुकांच्या व बिदाग्यांच्या नोंदी सांपडतात आणि त्या प्रसिद्धहि होतात. परंतु त्यांत गायकांस जें स्थान मिळतें तें वादकांस मिळत नाहीं, आणि वादकांतहि साथीदारास मुळींच मिळत नाहीं. बैठकींत गवयाच्या डाव्या अंगास बसून रात्रभर त्याचा सूर सांभाळणारा मनुष्य कागदोपत्रीं बहुधा अनामिकच राहतो.

साथीदारांमध्येंहि पेटीवाल्याची उपेक्षा अधिक. त्याचें वाद्य परदेशांतून आलेलें, म्हणून परकें. अलीकडचें, म्हणून पुराणवस्तूंत न मोडणारें. आणि घरोघर असलेलें, म्हणून दुर्लभतेचें मोल नसलेलें. हीं तिन्ही कारणें तपासून पाहतां टिकत नाहींत. पट्ट्यांचें वाद्य या देशांत येऊन सुमारें साडेचारशें वर्षें झालीं. महाराष्ट्राच्या गायनांत त्यानें केलेला फेरफार मूलगामी आहे. आणि जुन्या पेट्या व ऑर्गन मूळ स्थितींत आज खरोखरच दुर्मिळ होत चालले आहेत. प्रस्तुत लेखांत या वाद्याच्या आगमनाचा इतिहास थोडक्यांत सांगून, त्याच्या महाराष्ट्रीय वादकांपैकीं अग्रगण्य असे कै. गोविंद सदाशिव टेंबे यांच्या कारकीर्दीचा विचार कर्तव्य आहे. त्यावरून या विषयाचीं साधनें कोणतीं व तीं कशीं राखावीं, याचाहि निर्णय करतां येईल.

२

पट्ट्यांच्या वाद्याचा पश्चिम किनाऱ्यावरील प्रवेश पोर्तुगीजांबरोबर झाला. गोव्यांतील देवालयांतून उपासनेच्या अंगानें ऑर्गन वाजूं लागला, आणि देवालयांस जोडलेल्या शाळांतून एतद्देशीय मुलांस युरोपीय गायनवादनाचें शिक्षण मिळूं लागलें. त्या परंपरेंतून पुढें पिढ्यान् पिढ्या गोमंतकीय वादक निर्माण झाले.

गोव्याबाहेर या वाद्याची जी कीर्ति गेली तिचा पुरावा फारसी बखरकारांत मिळतो. अकबराच्या आज्ञेनें हाजी हबीबुल्ला हा गोव्यास जाऊन युरोपीय कारागिरीच्या वस्तु घेऊन आला, त्यांत एक ऑर्गन होता. इ. स. १५८० च्या सुमारास तो दरबारीं लोकांस दाखविण्यांत आला, असें अब्दुल कादिर बदाऊनी सांगतो. त्याच्या वर्णनांत पुरुषभर उंचीची पेटी आहे, आंत बसून वाजविणारा फिरंगी आहे, आणि बाहेरून दोघे जण मोराच्या पंखांसारखे पांच अवयव हलवीत आहेत. हे पंख म्हणजे उघडच वाद्याचे भाते होत. लिहिणारास वाद्याची रचना कळलेली नाहीं. पण डोळ्यांस दिसलेलें त्यानें प्रामाणिकपणें टिपलें आहे, आणि म्हणूनच तें वर्णन आज ओळखतां येतें. साधनाची किंमत लेखकाच्या ज्ञानावर नव्हे तर त्याच्या निरीक्षणावर अवलंबून असते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

मराठी राजकुलापुरतें पाहावयाचें तर तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. श्वार्ट्झ या पाद्र्यापाशीं शिक्षण झालेल्या या राजानें युरोपीय पद्धतीचा वाद्यवृंद पदरीं बाळगला, आणि त्यांच्या संग्रहांतील युरोपीय स्वरलेखनाचीं पुस्तकें सरस्वती महाल ग्रंथालयांत आहेत. तथापि तंजावरचा हा उपक्रम राजवाड्याच्या भिंतींआंतच राहिला. देशावरील गवयास किंवा कीर्तनकारास त्याचा स्पर्श झाला नाहीं.

तो स्पर्श झाला हार्मोनियममुळें. पॅरिस येथील आलेक्सांद्र दबें यानें १८४० नंतरच्या वर्षांत या नांवानें जें वाद्य तयार केलें, त्यांत नळ्यांचा खटाटोप नाहीं. पितळेच्या पातळ जिभेवरून भात्याची हवा गेली कीं सूर निघतो, इतकाच त्याचा कारभार. त्यामुळें तें लहान, स्वस्त आणि प्रवासास सोयीचें झालें. हिंदुस्थानांत तें प्रथम पायपेटीच्या रूपानें आलें. परंतु आमचा वादक जमिनीवर बसणारा. त्यास पायांनीं भाता हलविणें अडचणीचें. १८७५ सालीं स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या द्वारकिन या पेढीनें हातभात्याची पेटी प्रचारांत आणली, आणि एका हातानें भाता व दुसऱ्या हातानें पट्ट्या अशी आजची रीत पडली. वादकाचा एक हात गेला हें खरें. पण युरोपीय वादनास लागणारी दोन हातांची स्वरसंगति आमच्या रागगायनास नकोच होती. वाद्य परकें असलें तरी त्याचें हें रूपांतर येथलेंच आहे.

३

महाराष्ट्रांत पेटीस जी प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः संगीत रंगभूमीमुळें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं आणि ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळांत शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोंचविणें, नटास एकाच पट्टींत तासन् तास स्थिर ठेवणें, आणि गांवोगांव फिरतांना ऊनपावसांत न उतरणारें वाद्य जवळ असणें, या तीन गरजा पेटीनें भागविल्या. पुढें त्याच कारणास्तव ऑर्गन आला. हार्मोनियममध्यें हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकन बनावटीच्या ऑर्गनमध्यें ती सुरांतून आंत ओढली जाते. त्यामुळें त्याचा आवाज गोल, भरीव आणि गायकाच्या गळ्यास झांकून न टाकणारा होतो. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळीं हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला हा मेळ रसिकांच्या कानांत इतका भरला कीं, नाट्यसंगीत म्हटलें कीं ऑर्गनचा सूर, असें समीकरणच होऊन बसलें.

या वाद्याच्या परिणामाचा एक पुरावा आपल्या भाषेंतच आहे, आणि भाषेचे पुरावे सहसा खोटें बोलत नाहींत. पूर्वी गवयाचा षड्ज त्याच्या तंबोऱ्यावर ठरे. त्यास निराळें नांव नव्हतें. आज कोणताहि महाराष्ट्रीय गायक आपला सूर सांगतांना ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पांच’ असें सांगतो. म्हणजे पेटीच्या पट्टीचें नांव तो स्वतःच्या गळ्यास देतो. ‘पट्टी’ हा शब्दच आतां गाण्याच्या आधारस्वरासाठीं रूढ झाला आहे. ज्यानें पेटीस आयुष्यभर नांवें ठेविलीं तोहि आपला सूर तिच्याच परिभाषेंत सांगतो. कोणत्याहि परक्या वस्तूनें आमच्या विद्येंत याहून खोल मूळ धरल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

४

अशा काळांत गोविंदराव टेंबे यांचा उदय झाला. त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजीं झाला आणि बालपण व तारुण्य कोल्हापुरांत गेलें. या स्थलाचें महत्त्व मोठें आहे. शाहू छत्रपतींच्या आश्रयास अल्लादियाखाँसाहेब १८९५ च्या सुमारास कोल्हापुरीं आले, तेव्हां गोविंदराव चौदा वर्षांचे होते. खाँसाहेबांपुढें बसून रीतसर तालीम घेण्याचा योग त्यांना आला नाहीं; पण त्या गायकीचें श्रवण त्यांनीं ध्यास धरून केलें. पेटी त्यांनीं बहुतांशीं स्वतःच्या बुद्धीनें हस्तगत केली. पुढें भास्करबुवा बखले यांची साथ ते करूं लागले, आणि गुरु म्हणून त्यांनीं भास्करबुवांचेंच ऋण मानलें.

या शिक्षणक्रमांतील विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. वीणा, सारंगी, पखवाज या वाद्यांस घराणीं होतीं; पेटीस घराणें नव्हतें. वादकास हात कसा ठेवावा हें सांगणारी पूर्वपरंपराच नसल्यामुळें त्यास गाण्याकडूनच वाजविणें शिकावें लागलें. गोविंदरावांनीं तेंच केलें. पेटीवर मींड निघत नाहीं, हा त्या वाद्याचा जन्मजात दोष. तो झांकण्यासाठीं कणस्वर, बोटांची चलाखी, भात्यावरील दाबाचा चढउतार आणि योग्य जागीं सोडलेली शांतता यांचा उपयोग करून, गायकी ऐकूं येईल असें स्वतंत्र वादन करणाऱ्यांत त्यांचें नांव पुढें आलें. उत्तरेकडे हेंच कार्य ठुमरीच्या अंगानें ग्वाल्हेरचे भैया गणपतराव यांनीं केलें होतें. जयाजीराव शिंदे यांच्या या पुत्राचें आणि कोल्हापुरच्या या गृहस्थाचें नांव, पेटीच्या इतिहासांत एकत्र घेतलें पाहिजे.

यापुढें गोविंदरावांची कारकीर्द साथीदाराच्या ठरीव मर्यादेबाहेर गेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्याच्या पदांस चाली गोविंदरावांनीं दिल्या. तोंवर नाटकाच्या पदांवर कीर्तन, साकी, दिंडी व दक्षिणेकडील चाली यांची छाया होती. गोविंदरावांनीं पूर्वेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांचे ढंग मराठी पदांत उतरविले. हें काम पेटीवाल्याकडून व्हावें यांत नवल नाहीं. निरनिराळ्या प्रांतांच्या गायकगायिकांची गाणीं जवळून ऐकणें, तीं तत्क्षणीं पट्ट्यांवर काढणें आणि दुसऱ्याच्या गळ्यास कोणता सूर सोसेल हें ओळखणें हा त्याचा नित्याचा धंदा असतो. साथ करण्याची विद्याच येथें रचनेची विद्या झाली.

१९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांजसह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. १९१५ सालीं त्यांतून निघून त्यांनीं स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नट, पदरचनाकार, चालक अशा सर्व भूमिका त्यांनीं केल्या. बोलपट आला तेव्हां प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या १९३२ सालच्या चित्रांत राजा हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत हीं दोन्ही त्यांचींच होतीं. ९ ऑक्टोबर १९५५ रोजीं ते निवर्तले.

परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्यांचें सर्वांत मोठें कृत्य याहून निराळें आहे. त्यांनीं लिहून ठेवलें. १९३९ सालीं ‘माझा संगीत व्यासंग’ आणि १९४८ सालीं ‘माझा जीवनविहार’ हे ग्रंथ त्यांनीं प्रसिद्ध केले, आणि आयुष्याच्या अखेरीस अल्लादियाखाँसाहेबांचें चरित्रहि लिहिलें. ज्या गवयांनीं स्वतःविषयीं एक ओळहि लिहिली नाहीं, त्यांचें गाणें, त्यांचा स्वभाव, त्यांची तालमीची रीत याविषयीं आज जें ज्ञान होतें त्याचा मोठा भाग या पेटीवाल्याच्या लेखणींतून आला आहे. साथीदार हा बैठकीचा सर्वांत जवळचा साक्षी असतो. गवयाचा सूर कोठें डळमळला, कोणती जागा आयत्या वेळीं सुचली, श्रोत्यांनीं कशास दाद दिली, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक नसतें. गोविंदरावांचे ग्रंथ अशा साक्षीदाराच्या जबान्या आहेत, आणि त्याच भावनेनें ते वाचले पाहिजेत. आत्मचरित्रकार आपल्या बाजूनें बोलतो, म्हणून नाटक मंडळ्यांच्या भागीदारीविषयींचा मजकूर इतर कागदांशीं ताडून घ्यावा. गायनाविषयींचें निरीक्षण मात्र पहिल्या प्रतीचें साधन मानावें.

५

पेटीविषयीं जो वाद माजला त्याचाहि येथें विचार करणें प्राप्त आहे. कारण त्या वादाच्या खुणा प्रत्यक्ष वाद्यांवर उमटलेल्या आहेत.

सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून पेटीचे सूर लावतात. एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म अंश कल्पिले, तर प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपासून १०० अंशांवर पडते. तंबोऱ्याच्या खर्जांतून जो स्वयंभू गांधार ऐकूं येतो तो सुमारें ३८६ अंशांवर असतो; पेटीचा गांधार ४०० अंशांवर. हा १४ अंशांचा फरक शिकलेल्या कानास टोंचतो. पंचमाचा फरक केवळ दोन अंशांचा असल्यानें तो कोणास टोंचत नाहीं. म्हणजे तक्रार सर्व स्वरांची नसून विशेषतः गांधार, धैवत, निषाद यांची आहे.

यावर तोड काढण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींची मापें ठरविणारा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत अब्दुल करीमखाँ यांच्या गळ्याचें साहाय्य होतें. क्लेमेंट्स या संगीतप्रेमी न्यायाधीशानें हें मत उचलून धरलें, आणि दोघांच्या खटपटीनें श्रुतिहार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोदें येथील अखिल भारतीय संगीत परिषदेंत तिची चर्चा झाली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पक्षास ती मापें मान्य झालीं नाहींत. श्रुति मोजून पेटींत बसवितां येतात कीं रागागणिक त्या बदलतात, हा तेव्हांचा मतभेद आजहि मिटलेला नाहीं. श्रुतिहार्मोनियम प्रचारांत आली नाहीं. तथापि गायनाविषयींच्या एका सिद्धान्ताचें असें लांकडी आणि पितळी भाष्य दुसऱ्या प्रांतांत क्वचितच झालें असेल.

पुढें १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनें आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम बंद केली. ‘माझा संगीत व्यासंग’ प्रसिद्ध होऊन पुरतें वर्षहि झालें नसेल-नसेल तोंच हें घडलें, हा योगायोग विलक्षण आहे. एका वर्षीं पेटीवाल्याच्या हातून मराठी संगीताचा उत्कृष्ट वृत्तांत मिळाला, आणि लगेच त्याच्या वाद्यास नभोवाणीचें दार लागलें. ही बंदी १९७१ सालीं सैल झाली. मधल्या तीन दशकांचें आकाशवाणीवरील ध्वनिमुद्रण पेटीशिवाय झालें. भावी संशोधकास त्यावरून त्या काळच्या बैठकींत पेटी नव्हती असा भ्रम होण्याचा संभव आहे. म्हणून ही तारीख ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. बैठकी, रंगभूमि व भजनें यांतून पेटी अखंड वाजत होती. पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगांवकर, बेळगांवचे रामभाऊ विजापुरे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगांवकर, तुळशीदास बोरकर हे नामांकित वादक याच काळांत वाजवीत होते.

६

आतां साधनांविषयीं. टेंबे यांनीं लिहिलें म्हणून त्यांचें चरित्र लिहितां येतें. हरिभाऊ देशपांडे यांच्यासारख्या वादकाचा सूर सर्वांच्या कानांत राहिला, पण त्याच्या कारकीर्दीची हकीकत त्या प्रमाणांत कागदावर उतरली नाहीं. जे लिहीत नाहींत त्यांचा इतिहास त्यांच्या वस्तूंवरून काढावा लागतो. येथें संग्राहकांस कर्तव्य आहे.

पहिलें साधन प्रत्यक्ष वाद्य. जुन्या पेटीच्या किंवा ऑर्गनच्या आंत कारखानदाराचें नांव, अंक, दुरुस्ती करणाराची शिसपेन्सिलीची खूण अशा गोष्टी असतात. सूर जर्मन कीं पॅरिसचे कीं पालिताण्याचे, यावरून वाद्याचा काळ व प्रवास अजमावतां येतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळचें स्वरमेलन. सुराची जीभ टोंकाशीं खरडली कीं स्वर चढतो, मुळाशीं खरडली कीं उतरतो. आणि ती खरड धातूवर कायम राहते. कोणी पूर्वी गांधार उतरवून तंबोऱ्याशीं मिळविला असेल तर त्याची साक्ष त्या पितळेवरच लिहिलेली असते. असें वाद्य ‘नीट करून’ घेण्याच्या हौसेनें नवे सूर घातले, कीं तें वाजूं लागतें पण बोलेनासें होतें. पोथीवरील जुनीं अक्षरें खरडून त्याच पानावर नवीं लिहावीं, तसाच हा प्रकार होय. म्हणून दुरुस्तीपूर्वी प्रत्येक सुराचें माप घेऊन टिपून ठेवावें, काढलेले सूर अनुक्रमानें जपावे, आणि आंतील खुणांचीं छायाचित्रें घ्यावीं.

दुसरें साधन ध्वनिमुद्रिका. हिंदुस्थानांत १९०२ पासून मुद्रण सुरू झालें. जुन्या तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी प्रत्यक्ष मुद्रणाची गति नेहमीं तंतोतंत तेवढीच नसे. फेऱ्या चारपांचांनीं वाढल्या तर गाणें एका पट्टीनें वर जातें. गायकाची खरी पट्टी ठरविण्यास मागें वाजणारी पेटी हा उत्तम आधार आहे. मात्र त्यासाठीं त्या काळच्या वाद्यांचे मूळ सूर मोजलेले पाहिजेत. असें पहिलें साधन दुसऱ्याचा उलगडा करतें.

तिसरें साधन कागद: नाटक मंडळ्यांचे जमाखर्च, हस्तपत्रकें, पदांच्या वह्या, वाद्यविक्रेत्यांच्या पावत्या, देवस्थानांचीं व भजनी मंडळांचीं खातीं. शहरांतील कागद थोडेफार जपले गेले आहेत. खरी हानि खेड्यांत होते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुणतांब्यासारखें क्षेत्र घ्या. गोदावरीचें तीर, चांगदेवांची समाधि, अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें ओळखला जाणारा घाट, आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक. अशा गांवीं संशोधक जातो तो शिलालेख, ताम्रपट, वतनपत्रें आणि बाडें शोधावयास. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या लोहमार्गानें नाटकें व पेट्या देशभर पसरल्या तोहि इतिहासच आहे. वीणा, मृदंग व टाळ यांच्यावर चालणाऱ्या भजनांत पेटी केव्हां शिरली, ती कोणीं विकत आणून दिली, तिची पट्टी कोणत्या बुवांच्या गळ्यासाठीं निवडली, हीं उत्तरें अशा गांवच्या देवस्थानाच्या खात्यांत एका ओळीनें मिळण्यासारखीं असतात. जीर्ण बाड मिळालें तर आम्ही तें रेशमी फडक्यांत बांधतों. त्याच माळ्यावरील फुटक्या भात्याची पेटी मात्र मोडीच्या भावानें जाते.

नाटकगृहांतून ऑर्गन जाऊन त्याची जागा विजेच्या वाद्यांनीं घेतली. कोकणांत अलीकडे जुन्या धर्तीचे ऑर्गन पुन्हां घडविण्याचा उद्योग झाला आहे, तो अभिनंदनीय आहे. पण नवें वाद्य घडविणारासहि जुन्या वाद्याची अबाधित प्रत समोर लागते. संहिता शुद्ध असेल तरच आवृत्ति शुद्ध निघते, हा नियम आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तेव्हां ज्यांच्या संग्रहीं अशीं वाद्यें, तबकड्या अथवा कागद असतील त्यांनीं त्यांची यादी करून तीवर वाद्याचें नांव, कारखाना, अंक, पट्ट्यांची संख्या, सुरांचीं मापें आणि तें कोणाकडून कोणाकडे आलें याची परंपरा, इतकें तरी नोंदवावें. पोथीच्या वर्णनास आम्ही जितकी शिस्त लावतों तितकीच येथें लावली, तर दहावीस वर्षांत महाराष्ट्रांतील स्वरपेटीचा साधार इतिहास लिहितां येईल. त्यांत टेंबे यांचें स्थान अढळ राहीलच. शिवाय ज्यांच्या हातीं लेखणी नव्हती, केवळ पट्ट्या होत्या, अशा अनेकांचीं नांवें त्यांच्या शेजारीं येऊन बसतील.